डबे राहू द्या, मऊ प्लॅस्टिक बघा: थॅलेटबद्दलच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दहा महिन्यांचं रांगणारं बाळ आहे. प्लॅस्टिकमधल्या थॅलेटमुळे (प्लॅस्टिक मऊ करायला घालतात त्या तेलकट रसायनांमुळे) हार्मोन बिघडतात असं आईने वाचलं. आता स्वयंपाकघरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे टाकून द्यावेत का, बाळाची लघवी तपासून घ्यावी का, आणि लाकडी घाण्याचं तेल शुद्ध म्हणून आणतो, पण तेही प्लॅस्टिकच्या नळीतूनच बाटलीत येतं, त्याचं काय?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षं मऊ पीव्हीसीच्या कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे पावडरीत तेल मिसळून कच्चा माल तयार करण्याच्या कामात होतो, नंतर पॅकेजिंग आणि खेळण्यांच्या तपासणीकडे वळलो. त्या अनुभवावरून सांगतो, डब्यांबद्दल विचारणारे खूप भेटतात, नळीबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

डब्यांचा विषय आधी मिटवू. तुमच्या फळीवरचे डाळ-तांदळाचे कडक डबे बहुतेक पॉलिप्रोपिलीनचे असतात, पाण्याच्या टाक्या आणि कॅन पॉलिथिनचे. ही प्लॅस्टिकं मुळातच जशी हवीत तशी असतात, त्यांना मऊ करायला तेल घालावं लागत नाही. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या पेटच्या. त्या पेटच्या लांबलचक रासायनिक नावात टेरेथॅलेट येतं म्हणून अनेक जण दचकतात, पण तो रेणूच्या साखळीत पक्का बांधलेला वेगळा पदार्थ आहे, मऊपणासाठी वरून घातलेला नाही. आणि डब्यावर ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं असेल तर त्यावरून थॅलेटबद्दल काहीच कळत नाही. बीपीए हे वेगळं रसायन, ते वेगळ्या प्लॅस्टिकमधून येतं.

थॅलेटचं मुख्य घर म्हणजे पीव्हीसी, तेही मऊ पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसी कडक आणि ठिसूळ असतं, आपल्या नळाचे पाइप त्याचेच. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने त्याला उच्च उत्कलनबिंदूच्या तेलकट द्रवात गरम करून मऊ, रबरासारखं केलं, आणि तिथून हा सगळा उद्योग उभा राहिला. पुढे त्या द्रवाची जागा थॅलेटनी घेतली, कारण ते स्वस्त, जवळजवळ बिनवासाचे आणि पीव्हीसीशी छान जुळणारे. त्यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला डीईएचपी. आपल्याकडे बाजारात त्याला सरळ डीओपी म्हणतात.

हे कारखान्यात कसं होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. हायस्पीड मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखी पांढरी पीव्हीसीची पावडर (रेझिन) पडते. ती फिरता फिरता तापते, आणि मग ड्रममधलं डीओपी धारेने सोडतात. सुरुवातीला सगळं ओल्या वाळूसारखं गोळा होतं. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की पावडर तेल पिऊन टाकते आणि पुन्हा कोरडी, भुरभुरीत होते. हातात घेतली तर तेल आहे असं वाटतही नाही. शंभर किलो रेझिनला पन्नास किलो डीओपी हे वायरच्या कंपाउंडचं साधारण प्रमाण, म्हणजे तयार मालाच्या वजनात एक तृतीयांश तेल. चपला, होज पाइप, पारदर्शक शीट यांतही वीस ते चाळीस टक्के सहज असतं. मऊ पीव्हीसीची वस्तू हातात धरता तेव्हा तिचा मोठा हिस्सा हा द्रव आहे हे लक्षात ठेवा.

आणि हा द्रव पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. कणकेत घातलेल्या मोहनासारखा तो साखळ्यांच्या मधे नुसता बसलेला असतो. कागदावर ठेवलं की मोहनाचं तेल कागदाला लागतं, तसाच तोही जे तेलकट, जे उबदार, जे त्याला सामावून घेईल अशा पदार्थात उतरतो. कारखान्यातली माणसं ‘माल तेल सोडतोय’ असं म्हणतात. शाळेच्या कंपासपेटीत तुम्ही हे नक्की पाहिलं असेल: मऊ खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीवर पडून राहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पट्टीला खड्डा पडलेला असतो, आकडे विरघळलेले असतात आणि रबर चिकटून बसलेलं असतं. रबरातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊ करणारा द्रव, पट्टीत शिरून तिला मऊ करतो. चांगल्या खोडरबराला कागदाची टोपी असते ती बऱ्याच अंशी याचसाठी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने शाळेच्या वस्तू तपासल्या तेव्हा काही खोडरबरांत डीईएचपी सापडलं, आणि मुलांनी रबर चघळू नये असा सल्ला त्यांना द्यावा लागला. तुमचं मोठं मूल शाळेत असेल तर एवढं नक्की बघा.

आता आरोग्याचं. इथे घाबरवणारेही खूप आहेत आणि ‘काही होत नाही’ म्हणणारेही. मला जे नीट सिद्ध झालेलं वाटतं ते सांगतो. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयबीपी हे थॅलेट गरोदर उंदरिणींना दिले तर नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन कमी तयार होतं आणि जननेंद्रियांची वाढ बिघडते. हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, त्यात वाद उरलेला नाही. माणसांत संशोधक शॅना स्वान यांच्या गटाने २००५ मध्ये अमेरिकेत दाखवलं की आईच्या लघवीत काही थॅलेटचे अंश जास्त असतील, तर मुलग्यांत जननेंद्रिय आणि गुदद्वार यांतलं अंतर कमी असण्याकडे कल दिसतो. हा संबंध आहे, कारण-परिणामाचा पुरावा नाही. पण तो उंदरांतल्या निष्कर्षांच्या दिशेनेच जातो, म्हणून मी तो गंभीरपणे घेतो. कर्करोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डीईएचपीला ‘शक्यता आहे’ या गटात, म्हणजे २बी मध्ये ठेवलं आहे.

म्हणून काळजीचा क्रम माझ्या मते असा: आधी गरोदर बाई, मग रांगणारं बाळ, मग बाकी घर.

किती म्हणजे जास्त? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी या चार थॅलेटना मिळून रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ५० मायक्रोग्रॅम ठरवली. साठ किलोच्या बाईला दिवसाला ३ मिलिग्रॅम, दहा किलोच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे युरोपातला सरासरी माणूस अन्नातून दर किलोमागे जास्तीत जास्त ७ मायक्रोग्रॅमच्या आसपास घेतो, जास्त घेणारा १२ च्या आसपास. म्हणजे बहुतेक लोक मर्यादेच्या बरेच आत आहेत. पण मर्यादेतलं अंतर बाळाच्या बाबतीत लवकर आटतं, कारण त्याचं वजन कमी, त्याचा हात सतत तोंडात आणि त्याचं दिवसभराचं जग म्हणजे घरातली फरशी.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. थॅलेट शिसं किंवा डीडीटीसारखे शरीरात वर्षानुवर्षं साचत नाहीत. जर्मनीत एका स्वयंसेवकाने ओळखता येईल असं खूण केलेलं डीईएचपी घेऊन लघवी मोजली, तेव्हा दोन दिवसांत सुमारे तीन चतुर्थांश बाहेर पडलं होतं. मग ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत सापडतं कसं? कारण आपण रोज नव्याने घेतो. त्यामुळे घरात बदल केला तर त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांवर असा प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दिवस त्यांना ताजं, प्लॅस्टिकच्या वेष्टनाशिवायचं जेवण दिलं, तर डीईएचपीचे अंश निम्म्याहून कमी झाले.

बाळाच्या लघवीच्या तपासणीचं उत्तरही इथेच आलं. एका दिवसाची लघवी कालच्या जेवणाबद्दल सांगते, बाळाच्या तब्येतीबद्दल नाही. परवाचा आकडा वेगळा येईल. कोणताही डॉक्टर त्या आकड्यावर औषध देऊ शकत नाही. ते पैसे वाचवा.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये अशाच एका प्रयोगात उलटं घडलं. २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला. कुटुंबांना मुद्दाम ताजं, स्थानिक, प्लॅस्टिक टाळून बनवलेलं जेवण दिलं, आणि त्यांच्या लघवीतलं डीईएचपी कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढलं. शोध घेतला तर सगळ्यात जास्त डीईएचपी होतं धणेपुडीत, दर ग्रॅमला २१,४०० नॅनोग्रॅम, म्हणजे किलोला २१ मिलिग्रॅम. दुधातही ते होतं. स्वयंपाकघर निर्दोष होतं, पदार्थ तिथे पोचण्याआधीच वाटेत कुठेतरी डीईएचपी शिरलं होतं.

आपण मसाले खाणारे लोक आहोत, म्हणून हा हिशोब करून बघा. त्या धणेपुडीचे दहा ग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त. मोठ्या माणसाला ते मर्यादेत, पण दहा किलोच्या मुलाला तेवढंच मिळालं तर दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग. आपली धणेपूड तशीच असते असं मी अजिबात म्हणत नाही. पण घरी अख्खे धणे भाजून कुटणं, किंवा ओळखीच्या डंकावर समोर उभं राहून मसाला करून घेणं, यात चवीखेरीज हाही फायदा आहे. वाटेतली एकेक नळी, एकेक पट्टा, एकेक पिशवी कमी होते.

दूध आणि तेल यांचीही हीच कथा. यंत्राने दूध काढताना मऊ नळ्या लागतात, त्या पीव्हीसीच्या असतील तर कोमट, स्निग्ध दूध त्यांतला प्लॅस्टिसायझर ओढतं. जपानमध्ये हॉस्पिटलच्या जेवणात आणि दुकानातल्या तयार जेवणाच्या (बेंटो) डब्यांत डीईएचपी सापडलं. उगम निघाला अन्न हाताळणाऱ्यांचे पीव्हीसीचे हातमोजे, आणि त्यांवर निर्जंतुकीकरणासाठी फवारलेल्या अल्कोहोलने ते आणखी सुटत होतं. सरकारने २००० मध्ये ते हातमोजे अन्नासाठी वापरू नयेत असं सांगितलं. स्वच्छतेसाठी घातलेल्या मोज्यातूनच ते येत होतं. आपल्याकडे मिठाईच्या दुकानांत आता पातळ मोजे दिसतात. ते चुरचुर वाजणारे, ढगळ पॉलिथिनचे असतील तर ठीक. गुळगुळीत, मऊ पीव्हीसीचे मोजे घालून कोणी तुपातले लाडू वळत असेल तर मला ते आवडत नाही.

तेव्हा तुमचा घाणा. लाकूड लाकडी आहे, दाणे तुमच्यासमोर टाकले, सगळं खरं. पण तेल खाली उतरल्यावर टाकीपासून बाटलीपर्यंत जी पारदर्शक, मऊ, वळणारी नळी लावलेली असते ती बघा. हार्डवेअरच्या दुकानातली, मीटरवर मिळणारी, पाण्यासाठी किंवा कूलरसाठी असलेली नळी असेल तर ती जवळजवळ नक्की मऊ पीव्हीसी. तेल हे डीईएचपीला सर्वात आवडणारं ठिकाण, आणि रात्रभर नळीत उभं राहिलेलं कोमट तेल सकाळी पहिल्या बाटलीत जातं. कालांतराने ती नळी आखडून कडक, पिवळट झाली असेल तर तिच्यातलं बरंच तेलात गेलं असं समजा. घाणेवाल्याला दोष देऊ नका, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. अन्नासाठीची सिलिकॉन नळी, स्टीलचा पाइप, नाहीतर टाकीला थेट स्टीलचा नळ, यांपैकी काहीही चालेल, आणि खर्च फार नाही. किराणा दुकानात सुटं तेल उपसायच्या हातपंपाच्या नळीलाही हेच लागू.

काचेच्या बरणीतलं लोणचं घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाला आतून जी मऊ कडी असते ती बहुतेकदा पीव्हीसीची. युरोपात तेलातल्या पदार्थांच्या बरण्या तपासल्यावर या कडीतूनच प्लॅस्टिसायझर उतरताना दिसले. तेल कडीला टेकू नये म्हणून बरणी आडवी ठेवू नका. घरच्या लोणच्याला चिनीमातीची बरणी आणि फडकं यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

आता बाळ. बाळाच्या दुपट्याखाली मेणकापड असतं, हल्लीचं मेणकापड म्हणजे पीव्हीसीची पातळ मऊ शीट. त्यावरच बाळाला कोमट तेलाने मालीश होते. तेल, ऊब, मऊ पीव्हीसी, आणि मग तेच तेलकट हात बाळाच्या तोंडात. डीईएचपी कातडीतून कमी शिरतं, तोंडातून मात्र चांगलंच जातं. मेणकापड काढून टाका असं म्हणत नाही, त्याचं काम आहे. मालीशच्या वेळी त्यावर जाड सुती दुपटं घाला आणि मालीश झाल्यावर बाळाचे हात साबणाने धुवा.

रांगणाऱ्या बाळासाठी फरशीही तितकीच महत्त्वाची. भाड्याच्या खोलीत मीटरवर मिळणारं पीव्हीसीचं कार्पेट अंथरलेलं असेल तर त्यातून सुटलेला थॅलेट धुळीला चिकटतो, धूळ हाताला, हात तोंडात. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने रोज पुसणं, एवढा एकच उपाय सांगायचा झाला तरी मी हाच सांगेन.

खेळण्यांचा इतिहास मोठा आहे, पण थोडक्यात: युरोपने १९९९ मध्ये तान्ह्यांच्या तोंडात जाणाऱ्या, थॅलेट असलेल्या मऊ खेळण्यांवर तातडीची बंदी आणली, २००५ मध्ये कायमची केली. अमेरिकेत २००८ मध्ये कायदा झाला. दोन्हीकडे मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१० मध्ये आपल्या बाजारातली २४ खेळणी तपासली, तेव्हा सगळ्यांत थॅलेट सापडले आणि जवळपास निम्मी त्या मर्यादेच्या वर होती. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आयएस ९८७३ या मानकात थॅलेटचा भाग आहे. म्हणून चिन्ह बघूनच घ्या, आणि जत्रेतला चिन्ह नसलेला मऊ, चिकटसर, पिळला की चुंईं करणारा बदक दात येणाऱ्या बाळाला चावायला देऊ नका. सावंतवाडीची लाकडी खेळणी या बाबतीत निर्धास्त, फक्त रंग चांगला आहे ना ते विचारा.

एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही, ती इथे लिहितो. ‘थॅलेट-फ्री’ छापलेलं असणं म्हणजे आत काय घातलंय हे कळणं नव्हे. चांगला कारखाना डीओटीपी किंवा डीआयएनसीएच हे मऊ करणारे दुसरे द्रव घालतो, त्यांच्याबद्दलची माहिती बरीच समाधानकारक आहे. पण स्वस्त मालात डीओपीचं प्रमाण कमी करायला क्लोरिनेटेड पॅराफिन घालतात, बाजारात त्याला सीपी म्हणतात. त्याच्या छोट्या साखळीच्या प्रकारावर २०१७ मध्ये स्टॉकहोम करारानुसार (निसर्गात टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) जागतिक बंदी आली आणि मधल्या साखळीच्या प्रकाराचा समावेश २०२५ मध्ये झाला. त्यात भंगारातून पुन्हा केलेल्या दाण्याची भर पडली की जुन्या वायरी आणि चपलांमध्ये जे जे होतं ते सगळं नव्या पायपुसण्यात येतं. म्हणून लेबलापेक्षा वस्तू कुठे वापरायची यावर माझा भर आहे. पावसाळी चप्पल, बागेचा पाइप, वायर पीव्हीसीची असली तरी मला चालते. तेल, तूप, दूध आणि बाळाचं तोंड यांच्या वाटेत नको.

अगरबत्तीचंही विचारतात. काड्यांना सुगंध लावताना अत्तर पातळ करायला डीईपी वापरतात, अत्तरं आणि सेंटमध्येही तेच असतं. हा वेगळा थॅलेट, वर सांगितलेल्या डीईएचपी, डीबीपी वगैरेंइतका त्रासदायक मानला जात नाही. तरी बंद खोलीत बाळाजवळ लावू नका, धुराचं कारणच त्यासाठी पुरेसं आहे.

आणि हॉस्पिटलमध्ये सलाईनची मऊ नळी किंवा रक्ताची पिशवी बघून उपचाराला नाही म्हणू नका. रक्ताच्या पिशवीतलं डीईएचपी तांबड्या पेशींना टिकून राहायला मदत करतं, म्हणूनच त्याला पर्याय शोधणं इतकं अवघड गेलं. फार लवकर जन्मलेल्या बाळांना मात्र अनेक नळ्यांतून एकाच वेळी बरंच मिळू शकतं, तिथे डीईएचपीविना नळ्या आहेत का हे नवजात विभागात विचारणं योग्यच आहे.

वस्तू मऊ पीव्हीसीची आहे का हे घरी कसं ओळखायचं? त्रिकोणात ३ आकडा असेल तर पीव्हीसी. आकडा नसेल तर एक छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवा आणि हवेचे बुडबुडे बोटाने पुसा. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात. मऊ असूनही तळाशी गेला तर बहुतेक पीव्हीसी. सिलिकॉनही बुडतं, पण ते वाकवलं तर रबरासारखं झटकन परत येतं आणि दुधी दिसतं. वासावर जाऊ नका, डीईएचपीला वास जवळजवळ नाही, नवीन प्लॅस्टिकचा उग्र वास इतर गोष्टींचा असतो. तुकडा जाळून बघू नका, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं.

तुमच्या घाणेवाल्याला किंवा तुम्हालाच तेलाची खात्री करून घ्यायची असेल, तर एनएबीएल मान्यता असलेल्या अन्न प्रयोगशाळेत ‘जीसी-एमएसवर थॅलेट, डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी वेगवेगळे’ असं लिहून मागा (जीसी-एमएस हे रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र). नुसतं ‘प्लॅस्टिक तपासणी’ म्हटलं तर ते एकूण किती पदार्थ उतरला एवढंच मोजतील. एफएसएसएआयच्या (आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या डीईएचपीची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम आहे, अहवाल त्या आकड्याशी ताडून बघा. नमुना काचेच्या बाटलीत द्या, झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावा, आणि दोन नमुने द्या: एक टाकीतून स्टीलच्या पळीने काढलेला, दुसरा सकाळच्या पहिल्या धारेचा, नळीतून आलेला. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर दोष नळीचा.